राहून गेलेल्या भेटी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच अडचण वेगवेगळ्या रूपांत आली आहे. काम, परीक्षा, स्वतःचं आजारपण किंवा घर बदलणं यांत काही महिने निघून गेले. मोकळं झाल्यावर लक्षात आलं की नात्यातल्या कितीतरी गोष्टी आपल्यावाचूनच होऊन गेल्या. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : गेले आठ-नऊ महिने ऑफिसच्या कामातून डोकं वर काढता आलं नाही. या काळात चुलतबहिणीला बाळ झालं, मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भाच्याचं लग्न झालं, एका मित्राचे वडील गेले, आणि आत्यानं ८८ पूर्ण केली. आता उसंत आहे, पण सुरुवात कुठून करू हेच कळत नाही.

आधी अर्धा तास कागद घेऊन बसा. स्मरणावर भिस्त ठेवू नका, कारण कामाच्या धबडग्यात वाचलेले निरोप मनात टिकत नाहीत. फोनमधल्या कौटुंबिक ग्रुपवर जा आणि ‘अभिनंदन’, ‘श्रद्धांजली’, ‘ऑपरेशन’, ‘ॲडमिट’, ‘मुलगी झाली’, ‘निकाल’ असे शब्द एकेक करून शोधा. नऊ महिन्यांतलं बहुतेक सगळं त्यातून वर येतं. प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी लिहा : कोण, काय झालं, कधी झालं, आणि त्या वेळी तुम्ही काही कळवलं होतं का. हा चौथा रकाना सोडू नका. ज्यांना तेव्हा दोन ओळी तरी गेल्या आणि ज्यांना काहीच गेलं नाही, त्यांच्याशी पहिलं वाक्य वेगळं बोलावं लागतं.

मग क्रम लावा. इथेच बहुतेकांचं चुकतं. सोपी आणि आनंदाची भेट आधी उरकली जाते, बाळ पाहिलं जातं, नवं घर पाहिलं जातं, आणि दुःखाचं घर मागे मागे पडत राहतं. नाहीतर जो सगळ्यात जास्त तक्रार करतो त्याच्याकडे आधी धाव घेतली जाते. आमच्या मते निकष एकच असावा : जे नंतर मिळणार नाही ते आधी. या हिशेबानं तुमच्या यादीत आत्या पहिल्या. मित्राला आजच फोन करा आणि याच आठवड्यात भेटा. मामांचं ऑपरेशन कधी झालं ते पाहा. गुडघा बदलल्यावर पहिले सहा आठवडे सर्वांत कठीण जातात आणि त्या काळात माणसाला सोबत लागते. ते उलटून गेले असतील तर ही भेट दोन-तीन आठवडे थांबू शकते. त्यानंतर बाळ, आणि शेवटी भाचा. लग्नाच्या शुभेच्छा तीन महिन्यांनी दिल्या तरी त्यांचं मोल कमी होत नाही.

भेटीआधी प्रत्येकाला छोटा निरोप पाठवा, आणि त्यात कारणांची जंत्री देऊ नका. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. बऱ्याच दिवसांनी कुणाशी संपर्क साधताना, समोरच्याला तो किती आवडेल याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, असं त्यात दिसलं. संपर्क जितका अनपेक्षित, तितका तो जास्त भावतो. तेव्हा एवढं पुरे : ‘मामा, ऑपरेशनच्या वेळी मी आलो नाही, त्याची रुखरुख आहे. येत्या रविवारी सकाळी अकराला अर्धा तास आलो तर चालेल का?’ दिवस आणि वेळ निरोपातच असू द्या. ‘एकदा येऊन जातो’ असं लिहिलं की त्यावर ‘ये की’ एवढंच उत्तर येतं, आणि पुढचे दोन महिने पुन्हा तसेच जातात.

आठवड्याला एक भेट ठरवा. दुसरी त्याच बाजूला असेल तर दोन. एका दिवसात चार घरं करण्याचा बेत हमखास फसतो. पहिल्या घरी उशीर होतो, तिसऱ्या घरी लक्ष घड्याळाकडे असतं, आणि चौथ्या घरच्यांना आपण उरलेल्या वेळात आलो हे न सांगता कळतं. धडधाकट माणसांकडे तास-दीड तास बसा. ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाकडे वीस ते तीस मिनिटं पुरेत. निघण्याआधी त्याच दिवशी सकाळी फोन करून औषधांची आणि झोपेची वेळ विचारून घ्या.

सगळ्यांना एकदमच घरी बोलावून मोकळं व्हावं, हा विचार तुमच्याही मनात येईल. लग्न आणि बाळ यांसाठी ते चालेल. मित्राला आणि आत्याला मात्र त्या गर्दीत धरू नका. गर्दीत त्यांच्या वाट्याला दहा मिनिटं येतील, आणि त्यांना जे बोलायचं आहे ते चारचौघांत बोलण्यासारखं नसतं.

प्रश्न : जवळच्या मैत्रिणीची आई जाऊन पाच महिने झाले. तेव्हा मी फक्त मेसेज केला. आता गेले तर जखमेवरची खपली निघेल अशी भीती वाटते. जावं का?

जा. पहिल्या दोन आठवड्यांत घर माणसांनी भरलेलं असतं. मग ज्याचा तो आपल्या कामाला लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या घरात आईचं नाव काढणारंही कुणी येत नाही. तिचं दुःख तुमच्या येण्यानं जागं होणार नाही, ते जागंच आहे. तिला फक्त त्याविषयी बोलायला माणूस हवं असतं.

पहिलं वाक्य सरळ असू द्या : ‘काकू गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं, आले नाही.’ यावर ती ‘असू दे’ म्हणेल. तिथे थांबा. माफी पुन्हा पुन्हा मागत राहिलात तर तीच तुमची समजूत घालत बसेल, आणि आलात त्याचा उद्देशच बाजूला पडेल. त्यानंतर काकूंविषयी बोला, आणि एखादी नेमकी आठवण सांगा : त्या काय म्हणायच्या, कशावरून हसायच्या. ‘वय झालंच होतं’, ‘सुटल्या बिचाऱ्या’, ‘तू खंबीर राहा’ ही वाक्यं टाळा. पहिल्या दोन वाक्यांत मैत्रिणीचं दुःख लहान होतं, आणि तिसऱ्यानं तिच्यावर एक काम पडतं. शेवटच्या दिवसांचा तपशील आपणहून विचारू नका; तिनं सांगायला घेतलं तर मध्ये न बोलता ऐका.

तुमच्या फोनमध्ये काकूंचा एखादा फोटो, व्हिडिओ किंवा आवाजातला निरोप आहे का ते जाण्याआधी शोधा. घरच्यांकडे नसलेली अशी एखादी गोष्ट हीच तुम्ही नेऊ शकाल ती सर्वांत मोलाची भेट. आवाज मात्र न विचारता ऐकवू नका. ‘माझ्याकडे त्यांच्या आवाजातला एक निरोप आहे, तुला हवा असेल तेव्हा पाठवेन’ असं सांगून ठेवा. कधी ऐकायचा ते तिला ठरवू द्या.

मदत विचारताना ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, कारण तसं कुणी सांगत नाही. पाच महिन्यांनंतरही बँक खाती, विमा, पेन्शन, फोनचं कनेक्शन, ऑनलाइन खाती यांतलं काहीतरी अडकलेलं असतंच. ‘पुढच्या शनिवारी दोन तास कागदपत्रं लावायला येऊ का?’ असं विचारा.

निघताना दोन तारखा कॅलेंडरमध्ये टाका : काकूंचा जन्मदिवस आणि त्या गेल्या तो दिवस. दोन्ही दिवशी मैत्रिणीला दोन ओळी पाठवा. आणखी एक. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचं निदान करताना जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची सूची किमान सहा महिने धरते, तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचे निकष प्रौढांसाठी बारा महिने. तुमची मैत्रीण पाचव्या महिन्यात रडते यात काळजीचं काही नाही. पण हा काळ उलटल्यावरही तिला रोजचे व्यवहार जमत नसतील, जगण्यात अर्थच उरला नाही असं ती म्हणत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे तिच्यासोबत जा. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली तर मात्र महिने मोजू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : बहिणीची मुलगी नऊ महिन्यांची झाली, मी तिला आता पहिल्यांदा पाहणार. चुलतभावाचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. दोन्हीकडे एकाच दिवशी जावं म्हणतेय. काय काळजी घ्यावी?

एकाच दिवशी जायचं असेल तर आधी तीन आठवड्यांच्या बाळाकडे जा, मग बहिणीकडे. मोठ्या बाळाकडून सर्दी-खोकला उचलून तान्ह्याकडे नेणं धोक्याचं. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला की त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावं लागतं, तपासण्या कराव्या लागतात. पाहुण्याची साधी सर्दी त्या घराला एवढी महागात पडू शकते. नाक वाहत असेल, घसा खवखवत असेल, घरी कुणाला जुलाब होत असतील तर भेट पुढे ढकला. ओठांवर तापाची पुळी असेल तर मुळीच जाऊ नका, कारण तिचा विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. पुळी नसली तरी बाळाचा मुका घेऊ नका. डांग्या खोकल्याची मोठ्यांची लस घ्यायची असेल तर ती भेटीच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी लागते; तिचा परिणाम व्हायला तेवढा वेळ लागतो. हात साबणानं ४० ते ६० सेकंद धुवा. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा.

तिथे बाळाला घेण्यापेक्षा बाळाच्या आईला एक तास झोपू द्या. धुतलेले कपडे घड्या घालून ठेवणं, पाणी भरून ठेवणं अशी कामं न विचारता करता येतात. अर्ध्या तासानं निघा.

नऊ महिन्यांच्या भाचीची गोष्ट निराळी. ती तुम्हाला पाहून रडेल, याची तयारी ठेवा. या वयात मुलं ओळखीचा आणि अनोळखी चेहरा नीट वेगळा करू लागतात. रडणं हे तिच्या वाढीचंच लक्षण आहे, तुमच्यावरचा राग नव्हे. दारातच हात पुढे करून तिला घेऊ नका. तिला आईच्या मांडीवर राहू द्या, तुम्ही दोन-तीन हातांवर खाली बसा, आणि पहिली दहा मिनिटं तिच्याकडे टक लावून न पाहता बहिणीशी बोला. मग एखादी वस्तू जमिनीवर तुमच्या दोघींच्या मध्ये ठेवा. ती आपणहून सरकत येईल तेव्हा आवाज खाली ठेवून बोला. पंधरा ते तीस मिनिटांत बहुतेक मुलं सैलावतात. नाही सैलावली तर त्या दिवशी उचलून घेण्याचा आग्रह सोडा. भेटीआधी आठवडाभर रोज दोन-तीन मिनिटं व्हिडिओ कॉलवर एकच गाणं म्हटलंत तर प्रत्यक्ष भेटीत तेच गाणं उपयोगी पडतं. दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन दाखवू नये असं सांगणारी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही व्हिडिओ कॉलचा अपवाद करते.

एक कळकळीची विनंती : ‘अजून रांगत नाही का?’ हा प्रश्न विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा आधाराशिवाय बसण्याचं वय ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्यानं चालण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने असं दूरवर पसरलेलं आढळलं. काही मुलं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. बाळ लवकर जन्मलेलं असेल तर महिने मोजतानाच फरक करावा लागतो. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं, म्हणून ते नऊ महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबानं साधारण सात महिन्यांचं धरायचं. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करतात. बसणं-चालणं कधी झालं हे बहिणीला सांगू द्या आणि ऐकून आनंद माना. तिलाच काही काळजी वाटत असेल तर ‘डॉक्टरांना विचार’ एवढंच म्हणा.

प्रश्न : फोन केला की मावशी म्हणतात, ‘आता आठवण झाली का?’ त्यावर काय बोलावं सुचतच नाही.

‘हो मावशी, उशीर झाला. तुमची तब्येत कशी आहे ते सांगा.’ एवढंच. कामाचं कारण दिलंत की ते काम आपल्यापेक्षा मोठं होतं का, असा प्रश्न त्यांच्या मनात येतो आणि बोलणं तिथेच अडकतं. त्यांच्या बोलण्यातला राग बहुधा वाट पाहिल्याचा असतो. पहिल्या फोनला तो बाहेर पडू द्या. दुसरा फोन दहा दिवसांच्या आत करा. पहिल्या फोननंतर पुन्हा चार महिने गेले तर त्यांचंच म्हणणं खरं ठरेल.

प्रश्न : वडिलांच्या मोठ्या भावांना स्मृतिभ्रंश झाला आहे, ऐकूही कमी येतं. वर्षभरात गेलो नाही. आता गेलो तर ते ओळखतील का?

कदाचित नाही, आणि ‘मला ओळखलंत का?’ असं विचारूही नका. ती परीक्षा असते, आणि नापास झाल्याची भावना मागे राहते. समोर बसून, नजरेच्या पातळीवर येऊन स्वतःच सांगा : ‘काका, मी तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा’, आणि मग नाव. सोबत एकच माणूस न्या. जायची वेळ सकाळची ठेवा, कारण या आजारात अनेकांचा गोंधळ आणि अस्वस्थता दुपार कलल्यावर वाढते.

बसताना तुमच्या चेहऱ्यावर उजेड येईल अशी जागा घ्या. खिडकीकडे पाठ करून बसलात तर त्यांना ओठ दिसत नाहीत. टीव्ही आणि पंख्याचा आवाज बंद करा. श्रवणयंत्र बोलण्यासोबत मागचा आवाजही मोठा करतं. ओरडू नका, ओरडल्यानं शब्द फाटतात. सावकाश आणि लहान वाक्यांत बोला, आणि एका वेळी एकच गोष्ट विचारा. काल काय झालं हे त्यांना आठवणार नाही. पण शाळा, पहिली नोकरी, जुनं घर यांबद्दल विचारा, जुने फोटो दाखवा. फोटो दाखवतानाही ‘हे कोण?’ असं न विचारता ‘ही आजी, तिच्या शेजारी तुम्ही’ असं आपणच म्हणा. गेलेल्या माणसाबद्दल ‘तो कुठे आहे?’ असं ते विचारतील. दर वेळी ‘तो गेला’ असं सांगितलं तर दर वेळी त्यांना ते नव्यानं कळतं. ‘तुम्हाला त्याची आठवण येतेय का?’ असं म्हणून त्या माणसाविषयी बोलू द्या.

त्यांची काळजी घेणाऱ्या काकूंसाठी वेगळी वीस मिनिटं ठेवा. वर्षभरात त्यांना कुणी ‘तुम्ही कशा आहात?’ असं विचारलं नसण्याची शक्यता फार आहे.

प्रश्न : लग्नाला जमलं नाही. आता आठ महिन्यांनी भेटवस्तू दिली तर विचित्र दिसेल का?

नाही. त्यांना काय हवं ते विचारून घ्या, कारण एव्हाना घरात काय कमी आहे हे त्यांना कळलेलं असतं. सोबत हातानं लिहिलेल्या चार ओळी द्या. आणि लग्नाचे फोटो दाखवायला सांगा, शेवटपर्यंत बघा.

प्रश्न : या वर्षातले फोटो ग्रुपवर विखुरले आहेत. ते एकत्र करून तारखांनिशी ठेवायचे आहेत. पुढच्या तारखाही चुकायला नकोत.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकारानं घटतो आणि त्यातली तो काढल्याची तारीख व जागा ही माहिती गळून जाते. फोनमध्ये मग तो आला त्या दिवसाच्या तारखेनं बसतो. म्हणून जन्म, लग्न, वाढदिवस असे महत्त्वाचे फोटो ज्यानं काढले त्याच्याकडून मूळ प्रत ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. सगळे मागू नका, त्याला कंटाळा येईल. प्रत्येक प्रसंगाचे पाच ते दहा मागा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमानं द्या, उदाहरणार्थ ‘२०२५-०३-१४ भाचीचा जन्म’, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या चौदा तारखा एकत्र येतात.

भेटीला गेल्यावर जुने छापील फोटो निघतात, तेही त्याच वेळी घ्या. छोट्या फोटोंसाठी स्कॅनर ६०० डीपीआयवर ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. फोटोमागे बॉलपेननं लिहिलं की दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. मऊ पेन्सिल वापरा, आणि कागद गुळगुळीत असल्यानं ती उठत नसेल तर पाकिटावर लिहा. फोटोतली माणसं कोण, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून आवाज रेकॉर्ड करून घ्या. हे काम पुढे ढकलू नका.

तारखांसाठी कॅलेंडर ॲपमध्ये दरवर्षी येणारी नोंद करा. ती ‘पूर्ण दिवस’ अशी असावी. वेळ घातली तर दुसऱ्या देशात गेल्यावर ती सरकते. जन्माचं वर्ष नावातच लिहा, म्हणजे ७५ वा की ७६ वा हे मोजत बसावं लागत नाही. स्मरण दोनदा लावा : सात दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी. त्याच दिवशीचं एकटं स्मरण कामाच्या गर्दीत बाजूला सारलं जातं. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाची वार्षिक नोंद काही ॲपमध्ये फक्त लीप वर्षात दिसते, म्हणून ती २८ ला करा.

प्रश्न : यादी आता संपत आली. पुढच्या वर्षी काम पुन्हा असंच वाढणार आहे. तेव्हा काय करू?

सगळ्यांना सारखा वेळ देण्याचा प्रयत्न करू नका. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार माणूस साधारण १५० जणांशी खरं नातं राखू शकतो. त्यांतले अगदी आतले सुमारे ५, त्यांच्यासकट पुढच्या वर्तुळात १५, मग ५०. हे आकडे काटेकोर धरू नका, पण आतली पंधरा नावं लिहून काढा. कामाच्या काळातही त्या पाचांना आठवड्याला एक फोन आणि उरलेल्या दहांना महिन्याला एक, एवढं सांभाळा. दहा मिनिटांचा फोन प्रवासात किंवा चालताना होतो. बाकीच्यांसाठी, गडबड सुरू होण्याआधीच सांगून ठेवा : ‘पुढचे चार महिने मी कमी दिसेन, पण काही झालं तर मेसेज न करता थेट फोन करा.’ आणि घरातल्या एकाला, भावाला किंवा वहिनीला, सांगा की मृत्यू, हॉस्पिटल आणि जन्म या तीन बातम्या ग्रुपवर आल्या तर त्यांनी तुम्हाला वेगळं कळवावं. त्या बातमीवर चोवीस तासांत तुमचा आवाज पोचला, की भेट दोन महिन्यांनी झाली तरी चालते.